देवमासा-दर्शन (कोकण किनारा)

समुद्रातील सस्तन प्राणी, म्हणजे देवमासे, डॉल्फिन आणि त्यांचे भाऊबंद, होडीतून किंवा किनाऱ्यावरून पाहण्याचा पर्यटनप्रकार. पुण्याहून कोकणात जाणाऱ्यांच्या वाट्याला तो सकाळच्या ‘डॉल्फिन राइड’च्या रूपाने येतो. दिवेआगर, दापोलीसाठी ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे जायचे, तारकर्लीसाठी कोल्हापूरवरून. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद असतात. दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवारला जोडून आलेल्या सुट्ट्यांत किनाऱ्यावर एमएच-१२ आणि एमएच-१४च्या गाड्यांची रांग लागते.

या फेरीत देवमासा दिसेल अशी आशा धरू नये. कारण समुद्राच्या तळात आहे. महाराष्ट्राची समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यापुढे पाण्याखाली पसरलेला भूखंडाचा काठ, उथळ आणि रुंद आहे. मुंबईसमोर ती सुमारे ३०० किमी आत जाते, दक्षिणेकडे अरुंद होत जाते. निळ्या देवमाशासारखे मोठे प्राणी बहुधा तिच्या कडेपलीकडच्या खोल पाण्यात वावरतात आणि तासाभराची होडी तिथवर जात नाही. श्रीलंकेत मिरिस्साजवळ ही जमीन इतकी चिंचोळी आहे की बंदरातून निघाल्यावर थोड्याच वेळात खोल पाणी लागते. डिसेंबर ते एप्रिल तिथे निळे देवमासे दिसतात. देवमासाच पाहायचा असेल, तर खर्च श्रीलंकेच्या तिकिटावर करावा. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किमी आत बुडालेले आंग्रिया बँक हे प्रवाळांचे पठार समुद्री जीवांनी समृद्ध आहे, पण ते सहलीचे ठिकाण नव्हे.

अरबी समुद्रात कुबडी देवमाशांचाही (हंपबॅक व्हेल) एक वेगळा गट आहे. जगभरातले त्यांचे भाईबंद दरवर्षी थंड समुद्राकडे जातात-येतात. हा गट मात्र बारा महिने इथेच राहतो. १९६६च्या सुमारास सोव्हिएत जहाजांनी यातले २४२ मारले. आता ओमानच्या किनाऱ्यालगतची त्यांची संख्या शंभराच्या आत धरली जाते. ओमानमध्ये उपग्रहावरून माग काढण्यासाठी खूण लावलेली ‘लुबान’ नावाची मादी २०१७च्या अखेरीस समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याला आली होती.

कोकणात नेहमी दिसतो तो हिंदी महासागरातला कुबडी डॉल्फिन, शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या तांबड्या यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. त्याला उथळ पाणी लागते, म्हणून तो किनाऱ्याला धरून असतो. आंजर्ले, दाभोळ, देवबाग अशा खाड्यांच्या मुखाशी भरती-ओहोटीबरोबर मासळी ये-जा करते, तिच्यामागे हा येतो. सिनेमातल्या डॉल्फिनसारख्या उड्या तो सहसा मारत नाही. आधी लांब चोच तिरपी वर येते, मग राखाडी पाठ, तिच्यावरचे कुबड, कुबडावरचा बुटका त्रिकोणी पर, आणि सगळे पुन्हा पाण्याखाली. दोन-तीन सेकंदांत खेळ उरकतो. मोबाइल वर करेपर्यंत बहुतेकांच्या हाती नुसते पाणी लागते. जाणता होडीवाला पाण्याकडे पाहण्याआधी आकाशाकडे पाहतो: कुरव आणि सुरय हे समुद्रपक्षी जिथे घिरट्या घालतात तिथे मासळी, आणि मासळी तिथे डॉल्फिन. सकाळची वेळही उगीच निवडलेली नाही. दुपारी खारे वारे सुटले की लाटांना पांढरे तुरे येतात आणि त्यांत पर ओळखू येत नाही.

गर्दीच्या दिवशी एका कळपामागे दहा-दहा होड्या धावतात. ते दर्शन राहत नाही, पाठलाग होतो. डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतात आणि आवाज काढूनच एकमेकांशी संपर्क ठेवतात; इंजिनांच्या गोंगाटात दोन्ही बिघडते. त्यात दोष एकट्या होडीवाल्यांचा नाही. ‘काका, अजून जवळ घ्या की’ हा आग्रह होडीत बसलेल्यांचाच असतो. इंजिन बंद करून थांबले तर डॉल्फिन अनेकदा आपणहून जवळून जातात.

देवमासे आणि डॉल्फिन या दोघांनाही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य शासन २०१८पासून ₹२५,००० पर्यंत भरपाई देते. पुण्याच्या बातम्यांत देवमासा येतो तो मात्र बहुधा गुन्ह्याच्या बातमीत: ‘व्हेलची उलटी’ विकायला आलेले पकडले. ही उलटी, म्हणजे अंबरग्रीस, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते. अत्तरात ती वापरली जाते आणि भारतात तिची खरेदी-विक्री बेकायदा आहे.

जिवंत मोठा देवमासा कोकणच्या किनाऱ्यावरून दिसतो तो बहुधा वाळूत रुतलेला. जून २०१५मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा लागला होता. नोव्हेंबर २०२३मध्ये, ऐन दिवाळीच्या सुट्टीत, गणपतीपुळ्याला एक पिल्लू लागले. चाळीसेक तासांच्या खटपटीनंतर त्याला खोल पाण्यात सोडले, तरी ते वाचले नाही. पाण्याचा आधार सुटला की स्वतःच्याच वजनाखाली फुप्फुसे दबतात आणि उन्हात कातडी फाटते. असा प्राणी दिसल्यास शेपटीला धरून ओढू नये, डोक्यावरच्या श्वासरंध्रात पाणी जाऊ देऊ नये, अंगावर ओली फडकी टाकून गर्दी मागे हटवावी आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.