काच तीच, मग किंमत दुप्पट का?

दोन टीव्ही शेजारी शेजारी ठेवलेत. दोन्ही ४३ इंची, दोन्हींच्या खोक्यावर फोर-के, एचडीआर, डॉल्बी, गूगल टीव्ही असं सगळं छापलेलं. एकाची किंमत दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. अशा वेळी घरात कुणीतरी म्हणतंच, "नावाचे पैसे कशाला द्यायचे? आत सगळा एकच माल असतो."

पॅनेलपुरतं, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या काचेपुरतं, बोलायचं तर हे बरंचसं खरं आहे. एलसीडी पॅनेल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात बोटांवर मोजण्याइतक्या आहेत: मुख्यतः चीनमधल्या बीओई, सीएसओटी, एचकेसी आणि तैवानच्या एयूओ, इनोलक्स. सॅमसंगने एलसीडी पॅनेल बनवणं २०२२ मध्ये थांबवलं. एलजीने ग्वांगझौचा आपला मोठा एलसीडी कारखाना टीसीएलच्या सीएसओटीला विकून टाकला. सोनी आपल्या टीव्हींसाठी पॅनेल बाहेरूनच घेते. जुळणीचंही तसंच. डिक्सनसारखी कंपनी एकापेक्षा जास्त ब्रँडांचे टीव्ही बनवून देते. आणि नाव तर चक्क वापरायला घेता येतं. थॉमसन फ्रान्सचं, कोडॅक अमेरिकेचं, ब्लाउपुंक्ट जर्मनीचं, पण भारतात या तिन्ही नावांचे टीव्ही सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही एकच कंपनी परवाना घेऊन बनवते. नाव मोठं म्हणून ते टिकेलच असंही नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगावला कारखाना असलेलं व्हिडिओकॉन एकेकाळी घराघरात होतं. २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

तेव्हा फरक शोधायचा तो काचेच्या मागे.

एलसीडीची काच स्वतः उजेड देत नाही. तिच्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे मागून येणारा उजेड कमीजास्त अडवणारी बारीकशी झडप. उजेड येतो बॅकलाइटमधून. स्वस्त टीव्हीचं पॅनेल उचलून बाजूला ठेवलं, त्याखालच्या दुधी शीट काढल्या, की मागच्या पत्र्यावर चिकटवलेल्या लांब पट्ट्या दिसतात. पट्टीवर थोड्या थोड्या अंतराने एलईडी, आणि प्रत्येक एलईडीवर उजेड पसरवायला चिकटवलेलं प्लास्टिकचं छोटं गोल भिंग. पैसे वाचवायचे तर पहिली कात्री इथेच लागते. एलईडी कमी बसवायचे आणि प्रत्येकातून करंट जास्त सोडायचा. पडदा तेवढाच उजळ दिसतो, पण एलईडी जास्त तापतात आणि लवकर मंदावतात. उष्णतेने भिंगाचा गोंद सुटला की पडद्यावर पांढरे गोल डाग उमटतात. एलईडी एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, त्यामुळे एक उडाला की अख्खी ओळ विझते आणि बऱ्याचदा सगळाच पडदा काळा होतो.

"आवाज येतो, चित्र नाही" ही दुरुस्तीच्या दुकानातली रोजची तक्रार बहुतेक वेळा हीच. खात्री घरीही करता येते. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाइलची टॉर्च पडद्याजवळ तिरकी धरा. काचेवर अंधूक चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, फक्त बॅकलाइट गेली आहे. पट्ट्या बदलून मिळतात. पॅनेल फुटलं तर मात्र हिशेब वेगळा, कारण टीव्हीच्या किमतीचा सगळ्यात मोठा वाटा पॅनेलचाच असतो.

आयुष्याचं झालं, आता चित्राकडे येऊ. झडप पूर्ण बंद केली तरी थोडा उजेड निसटतोच. आयपीएस प्रकारच्या पॅनेलमध्ये पांढऱ्या आणि काळ्यातलं प्रमाण साधारण १०००:१ असतं, व्हीए प्रकारात ३०००:१ किंवा त्याहून जास्त. म्हणून रात्री दिवे घालवून सिनेमा लावला की आयपीएसवर काळं आकाश राखाडी दिसतं. उलट आयपीएस बाजूने बसणाऱ्यालाही नीट दिसतं आणि व्हीए तिरकं पाहिलं की फिकं पडतं. जेवायच्या टेबलावरून, सोफ्यावरून, दिवाणावरून, सगळीकडून टीव्ही पाहणाऱ्या घराला आयपीएस बरं.

राखाडी काळ्यावर खरा उपाय म्हणजे बॅकलाइटचे वेगवेगळे झोन करून, चित्र जिथे काळं आहे तिथले एलईडी मंद करणं. याला लोकल डिमिंग म्हणतात. त्यासाठी एलईडी जास्त लागतात, त्यांना चालवणारं सर्किट जास्त लागतं, आणि दर फ्रेमला गणित करणारी चिप लागते. इथे पैसे खरोखर चित्रात उतरतात. पण ते नावाच्या मागे जातात असं समजू नका. नावाजलेल्या कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त मॉडेलांत बहुधा झोन नसतातच, तर टीसीएल, हायसेन्सच्या मिनी-एलईडी (बारीक एलईडींची बॅकलाइट असलेल्या) टीव्हींत ते शेकड्यांनी मिळतात. मोठ्या नावाचं सगळ्यात खालचं मॉडेल हा मला तरी सगळ्यात तोट्याचा सौदा वाटतो.

खोक्यावरच्या एचडीआरचंही असंच. एचडीआर म्हणजे उजळ आणि काळोख्या भागांतला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र. असे सिनेमे साधारण १००० निट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) गृहीत धरून तयार केले जातात. स्वस्त टीव्ही २५० ते ३०० निटपर्यंत पोचतो. तो एचडीआरचा सिग्नल घेतो, एवढाच त्या छापील अक्षरांचा अर्थ. ‘मोशन रेट’च्या फुगवलेल्या आकड्यांकडे तर बघूच नका, पॅनेल ६० हर्ट्झचं आहे की १२० चं, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं, एवढंच विचारा.

नावाजलेल्या कंपन्यांची बाजू जिथे मजबूत आहे, ती जागा जाहिरातीत फारशी दिसत नाही. एसडी (एचडी नसलेल्या साध्या) वाहिनीचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार. फोर-के पडद्यावर ठिपके असतात जवळपास ८३ लाख, बरोब्बर वीसपट. म्हणजे डीडी फ्री डिशवरची एसडी मालिका फोर-के टीव्हीवर लागली की दर वीस ठिपक्यांमागे एकच वरून आलेला, बाकीचे एकोणीस टीव्हीतल्या चिपने अंदाजाने भरलेले. शिवाय ते चित्र एका आड एक ओळींच्या दोन हप्त्यांत येतं, सेकंदाला असे पन्नास हप्ते. ते हप्ते जोडायचं कामही चिपचंच. स्वस्त चिप शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून मोकळी होते. चांगली चिप कडा कुठे आहे, हालचाल कुठे आहे, कॉम्प्रेशनचा (चित्र दाबून पाठवल्याने आलेला) कचरा कुठला, हे ओळखून भरते. सोनी, सॅमसंग, एलजी यांनी या कामावर वर्षानुवर्षं मेहनत घेतली आहे आणि ती दिसते.

कुठे दिसते? मराठी बातम्यांच्या खालच्या पळत्या पट्टीवर. शिरोरेषा ही बारीक आडवी रेघ, त्यामुळे ओळी जोडताना चूक झाली की पहिली तीच थरथरते, मग वेलांट्यांच्या कडा करवतीसारख्या होतात. दुकानात सेल्समन जे झगमगीत फोर-के डेमो लावतो त्यात चिपला असं काही करावंच लागत नाही, म्हणून तिथे सगळे टीव्ही सुंदर दिसतात. त्याला सांगा, एसडी बातम्यांची वाहिनी लाव. (घरी आणल्यावर सेट-टॉप बॉक्सची सेटिंगही बघा. बॉक्सच चित्र १०८० ला, म्हणजे फुल एचडीला, ताणून पाठवत असेल तर महाग चिपच्या हाती आधीच बिघडवलेलं काम येतं.)

जे घर फक्त नेटफ्लिक्स आणि यूट्यूबवर चालतं, त्याला या चिपचा फायदा बराच कमी.

आणि फोर-केचा? साधारण ६/६ नजरेचा डोळा एक अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा पाहू शकतो. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटीमीटर रुंद. फुल एचडीत त्याचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पावणेदोन मीटरपलीकडे, म्हणजे साडेपाच-सहा फुटांनंतर, असे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. आपला सोफा आठ-दहा फुटांवर असतो. तिथून ४३ इंचीवर फुल एचडी आणि फोर-के सारखंच. ५५ इंचीला हीच हद्द सव्वादोन मीटरच्या आसपास जाते.

स्वस्ताईचं आणखी एक कारण पडद्यावरच असतं: होम स्क्रीनवरच्या जाहिराती. टीव्ही विकून झाल्यावरही तो कंपनीला कमावून देतो. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवर लोक काय पाहतात याची माहिती त्यांना न विचारता गोळा केली होती. २०१७ मध्ये तिला त्यापोटी २२ लाख डॉलर भरावे लागले. हे तंत्र आज मोठ्या नावांच्या टीव्हींतही असतं, फक्त सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं.

मी काय घेईन? स्वयंपाकघरात किंवा आजीच्या खोलीत लावायला ३२ इंची हवा असेल तर स्वस्तातला, फक्त आपल्या तालुक्यात त्याचं सर्व्हिस सेंटर आहे का ते विचारून. दिवाणखान्यात दिवसभर डिशवरच्या वाहिन्या चालत असतील तर नावाजलेल्या कंपनीचा मधल्या रांगेतला, लोकल डिमिंग नसलं तरी चालेल. रात्री सिनेमे पाहणाऱ्याने आधी झोन मोजावेत, नाव नंतर वाचावं. टीव्ही कुठलाही आणा, बॅकलाइटची सेटिंग कारखान्यातून बऱ्याचदा बरीच वर ठेवून येते. ती ६०-७० वर आणा. खोलीतल्या उजेडाला तेवढं पुरतं, आणि पट्ट्या कमी तापतात.