पुरंदरचा निकाल लागायचा वज्रगडावर

पुरंदर म्हटलं की किल्लेदार मुरारबाजी आणि तह. पण हा गड शत्रूच्या हाती कसा जायचा हे समजून घ्यायचं, तर भैरवखिंडीपलीकडच्या वज्रगडाकडे पाहावं लागतं. बालेकिल्ल्यापेक्षा तो ठेंगणा आहे, पण पुरंदरची माची, म्हणजे बालेकिल्ल्याखालची सपाटी, त्याच्या माऱ्यात येते.

1665 च्या मार्चअखेरीस मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखानाने वेढा घातला, तेव्हा मोगलांनी आधी वज्रगडच धरला. अब्दुल्लाखान, फत्तेलष्कर, हाहेली अशा नावांच्या अजस्र तोफा डोंगराच्या चढावर ओढून नेल्या. एकेक चढवायला तीन-साडेतीन दिवस लागले. बुरूज ढासळला आणि 14 एप्रिलला वज्रगड पडला. त्यानंतर माचीची धडगत नव्हती. सभासद बखर सांगते, मुरारबाजी निवडक सातशे माणसं घेऊन दिलेरखानावर तुटून पडले आणि खानाने देऊ केलेला अभयाचा कौल धुडकावून लढता लढता पडले. आश्चर्य म्हणजे किल्लेदार गेल्यावरही गड झुंजत राहिला. जूनमध्ये शिवाजी महाराज स्वतः जयसिंगाच्या छावणीत आले आणि तह झाला: 23 किल्ले व 4 लाख होनांचा मुलूख मोगलांना. पुरंदरही त्यातच गेला. तो 1670 मध्ये परत घेतला.

एरवी हा भरवशाचा गड. 1657 मध्ये संभाजीराजे इथेच जन्मले. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर बारभाईंनी, म्हणजे कारभारी मंडळींनी, त्यांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना इथेच आणून ठेवलं. 1774 मध्ये त्यांचे पुत्र सवाई माधवराव जन्मले ते गडावरच. इंग्रजांशी 1776 चा तहही याच गडाच्या नावाने ओळखला जातो.

मार्च 1818 मध्ये इंग्रजांनीही आधी वज्रगडच ताब्यात घेतला. दुसऱ्याच दिवशी पुरंदरवर त्यांचं निशाण लागलं.

पुढे त्यांनी माचीवर आजारी सैनिकांसाठी आरोग्यधाम काढलं. म्हणून आज वर पोचल्यावर आधी दिसतं ते पडकं चर्च आणि बराकींचे अवशेष. शिवकाळ शोधत आलेला माणूस जरा गोंधळतोच. मुरारबाजींचा पुतळाही माचीवरच आहे. तिथून सरदरवाजातून बालेकिल्ल्यावर, थेट माथ्यावरच्या केदारेश्वरापर्यंत जाता येतं. खंदकड्याच्या टोकावरून वज्रगड पाहिला, की तोफा तिकडेच का चढवल्या ते नकाशाशिवाय कळतं. गड लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा ओळखपत्र घेऊन सकाळीच निघा.