नाका आणि सरहद्द: 'बॉर्डर' नेमकी कशाला म्हणायची?

सिंधुदुर्गातल्या बांद्याहून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीकडे निघालं की आमच्याकडे म्हणतात, 'बॉर्डरवर पोचलो.' इन्सुलीच्या नाक्यावर डिकी उघडायला लावली, तरी 'बॉर्डरवर अडवलं.' त्यामुळे आयर्लंडच्या 'हार्ड बॉर्डर'बद्दल, म्हणजे चौक्या-पहाऱ्यांच्या सरहद्दीबद्दल, ऐकलं की डोळ्यांसमोर इन्सुलीच येते. घोटाळा तिथेच होतो.

इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्क खात्याची माणसं बाटल्या शोधतात, कारण गोव्यात दारूवरचा कर कमी. तुम्ही गोव्यात का गेला होतात, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. चोर पलीकडे पळाला तर आपला पोलीस कायद्यानेच त्याच्या मागे गोव्यात जाऊन त्याला धरू शकतो. नाका कागदावर उभा राहतो, कागदावरच उठतो. 2017 ला जीएसटी आला आणि बऱ्याच राज्यांनी विक्रीकराचे नाके उठवले. कुणाला हळहळ वाटल्याचं ऐकिवात नाही.

सरहद्दीवर मात्र कायदाच बदलतो. उत्तर आयर्लंड ब्रिटनच्या राज्यात, दक्षिणेला आयर्लंड हा वेगळा देश. मध्ये सुमारे 500 किलोमीटरची रेषा आणि ती ओलांडणारे दोनशेहून जास्त रस्ते. 1993 ला तिथल्या कस्टम चौक्या गेल्या, उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवण्यासाठी झालेल्या 1998 च्या गुड फ्रायडे करारानंतर लष्करी पहारेही हळूहळू हटले. पोलिसांपुढची रेषा तेवढी राहिली. पाठलाग करणारी गाडी तिथे थांबते आणि पुढचं काम पलीकडच्या पोलिसांना फोनवर सांगावं लागतं.

2016 ला ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचा कौल दिला. आयर्लंड संघातच राहणार, म्हणजे या रेषेवर पुन्हा चौक्या येण्याची शक्यता. तेव्हा तिथल्या पोलिसांना तस्करीइतकीच चौकीची धास्ती होती. आयआरए या ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या सशस्त्र संघटनेने 1956 ते 1962 च्या मोहिमेत सीमेवरच्या कस्टम चौक्यांवर हल्ले केले होते. म्हणजे चौकी उभारा, तिला राखण द्या, मग राखणदारांनाही राखण द्या. जमिनीवरची तपासणी शेवटी टाळली, ब्रिटनहून उत्तर आयर्लंडला येणाऱ्या मालाची तपासणी तिथल्या बंदरांवर नेली. तरी फेब्रुवारी 2021 मध्ये धमक्यांमुळे लार्न आणि बेलफास्ट बंदरांवरची तपासणी काही दिवस थांबवावी लागलीच. इन्सुलीच्या नाक्यावर हुज्जत होते, पण नाका आहे म्हणून कुणी त्याच्या जिवावर उठत नाही.

आमच्यासाठी हे परकं नाही. 19 डिसेंबर 1961 पर्यंत पत्रादेवी खरीखुरी सरहद्दच होती. 15 ऑगस्ट 1955 ला पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली. माणसांची ये-जा अडली. सोनं आणि घड्याळं मात्र चोरवाटांनी येतच राहिली.

मधली एक गंमत, म्हटलं तर गंमत, 2020 च्या लॉकडाऊनची. तेव्हा त्याच नाक्यांवर बाटलीऐवजी माणसाचा पास तपासू लागले. गोव्यात रोज कामाला जाणारी आमची पोरं महिनोन्महिने घरी बसली. आणि दोडामार्गाकडे बागायतीतून पलीकडे जाणाऱ्या पायवाटांवर उभा करायला पोलीस आणायचा कुठून?