सेव्हिलच्या चार पेनल्टी आणि गोलरक्षकाचं गणित

पेनल्टी शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायला दोन्ही संघ आळीपाळीने पेनल्टी मारतात तेव्हा, एकाच गोलरक्षकाने सलग चार फटके अडवले, असं फुटबॉलमधल्या युरोपियन कपच्या (आताची चॅम्पियन्स लीग) अंतिम सामन्यात एकदाच झालंय. ७ मे १९८६ रोजी स्पेनमधल्या सेव्हिल शहरात एका बाजूला बार्सिलोना होता आणि दुसऱ्या बाजूला रुमानियाचा स्टेआउआ बुखारेस्ट. सामना स्पेनमध्येच असल्याने स्टेडियम जवळजवळ पूर्ण बार्सिलोनाचंच होतं. जादा वेळ धरून १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही. मग शूटआउट. स्टेआउआचे पहिले दोन फटके बार्सिलोनाचा गोलरक्षक उरुतीने अडवले. पण स्टेआउआच्या गोलात हेल्मुथ दुकाडाम उभा होता. बार्सिलोनाच्या अलेक्सांको, पेद्रासा, पिची अलोन्सो, मार्कोस, चौघांचेही फटके त्याने अडवले. स्टेआउआकडून लाकातुश आणि बालिंट यांनी गोल केले आणि २-० असा निकाल लागला. पूर्व युरोपातल्या क्लबने हा कप जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

याला चमत्कार म्हणून सोडून देणं मला पटत नाही. त्या चार फटक्यांमागे जे घडत होतं ते चमत्काराहून कितीतरी रंजक आहे.

आधी वेळ मोजू. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर. ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू सेकंदाला जवळपास २८ मीटर जातो, म्हणजे तो ०.४ सेकंदात गोलरेषेवर. डोळ्यांनी पाहिलं, मेंदूने ओळखलं, स्नायूंना हुकूम गेला, यातच साधारण ०.२ सेकंद जातात. उरले ०.२ सेकंद. एवढ्या वेळात वरून सोडलेली वस्तू जेमतेम २० सेंटिमीटर खाली पडते. आणि गोलरक्षकाला मात्र मध्यापासून ३.६६ मीटर लांब असलेल्या खांबाच्या दिशेने अंग झोकायचं असतं. चेंडू पायातून सुटलेला पाहून मगच हलायचं ठरवलं, तर कोपऱ्यातला जोरदार फटका हाती लागणं अशक्यच. त्यातून तेव्हाचा नियम असा होता की फटका बसेपर्यंत गोलरक्षकाने पाय हलवायचे नाहीत. गोलरेषेवर आडवं सरकायची मुभा मिळाली ती १९९७ मध्ये.

म्हणजे सूर कुठे मारायचा हा निर्णय चेंडू सुटण्याच्या आधी किंवा अगदी त्याच क्षणी होतो. चांगला फलंदाज गोलंदाजाच्या मनगटावरून चेंडू ओळखतो, तसंच हे. अॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनी २००२ मध्ये गोलरक्षकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. नवखे गोलरक्षक फटका मारणाऱ्याच्या धडाकडे आणि हातांकडे जास्त पाहत होते. मुरलेल्यांची नजर मात्र मारणारा पाय, टेकलेला पाय आणि चेंडू यांवर होती. टेकलेल्या पायाचा पंजा कुठे वळलाय यावरून चेंडूची दिशा बऱ्याच वेळा कळते. अडचण एवढीच की हा पंजा टेकतो अगदी शेवटच्या क्षणी.

म्हणून या वाचनाच्या जोडीला अंदाज लागतो. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनने १९२८ मध्ये सिद्ध केलं होतं की अशा दोघांच्या खेळात बाजू अधूनमधून बदलत राहणंच शहाणपणाचं, आणि तेही असं की समोरच्याला त्यात काहीच नियम सापडू नये. उजव्या पायाच्या खेळाडूला फटका गोलरक्षकाच्या उजवीकडे मारणं सोपं जातं. पण तो नेहमी तिकडेच मारू लागला तर गोलरक्षक तिकडेच थांबेल. इग्नासिओ पालासिओस-उएर्ता या अर्थतज्ज्ञाने १,४१७ पेनल्टी तपासल्या, तर व्यावसायिक खेळाडू जवळजवळ या सूत्राप्रमाणेच वागताना दिसले. गणिताचं पुस्तक न उघडता!

आता दुकाडामकडे परत येऊ. पहिले तीन फटके त्याच्या उजवीकडे आले आणि तिन्ही वेळा त्याने उजवीकडेच सूर मारला. चौथ्या वेळी तो डावीकडे गेला, आणि मार्कोसनेही चेंडू डावीकडेच मारला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मिसिर्लिसॉय आणि हॅगार्ड यांनी २०१४ मध्ये १९७६ ते २०१२ या काळातल्या विश्वचषक आणि युरो स्पर्धांमधली ३७ शूटआउट अभ्यासली. त्यात आढळलं की एकाच बाजूला सलग तीन फटके आले की पुढच्या वेळी गोलरक्षक उलट बाजूला जाण्याची शक्यता वाढते. नाणं सलग तीनदा छाप पडलं की आता काटा पडणारच असं जे वाटतं, तोच हा भ्रम. फटका मारणारे मात्र त्याचा फायदा उठवत नव्हते. हे कळल्यावर मला मार्कोसबद्दल हळहळ वाटते. सलग चौथ्यांदा त्याच बाजूला मारलं असतं, तर दुकाडाम दुसऱ्या बाजूला पडलेला असता.

तरीही दिशा ओळखणं हे अर्धंच काम. १९ मे २०१२ रोजी म्युनिकमध्ये याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात चेल्सीचा गोलरक्षक पीटर चेकने बायर्नच्या सहाही पेनल्टींना, म्हणजे जादा वेळेतली एक आणि शूटआउटच्या पाच, बरोबर दिशेला सूर मारला. त्यासाठी बायर्नच्या जुन्या पेनल्टी त्याने चित्रफितींवर बघून ठेवल्या होत्या. चेल्सी जिंकला. पण चेकलाही सहातल्या तीनच रोखता आल्या. लाम, गोमेझ आणि नॉयर यांचे फटके दिशा ओळखूनही आत गेले, कारण ०.४ सेकंदांचं गणित माहितीने बदलत नाही.

दुकाडामला मात्र चारही वेळा दिशाही कळली आणि हातही पोचला. गोलरक्षक पाचातली एक पेनल्टी अडवतो असं उदारपणे धरलं, तरी सलग चार अडवण्याची शक्यता ६२५ मध्ये एक येते. त्याच उन्हाळ्यात त्याच्या उजव्या हाताच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली आणि वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी मोठ्या पातळीवरचं त्याचं फुटबॉल थांबलं. पुढे काही वर्षांनी तो रुमानियात खालच्या विभागात खेळला, आणि २ डिसेंबर २०२४ रोजी त्याचं निधन झालं.