नवीन रोव्ह बीटलला नाव द्यायचंय? नमुना बाटलीत टाकण्याआधी हे कागद बघा

पालापाचोळा चाळताना एखादा आखूड पंखांचा भुंगेरा हाती लागतो. जाणकार म्हणतो, "हा नोंदलेला दिसत नाही." सगळे खूश होतात आणि बऱ्याच महिन्यांनी शोधनिबंध परत येतो. त्यात भुंगेऱ्याचा दोष क्वचितच असतो. परवानगीची मुदत आणि लेबलवरची तारीख जुळत नाही, नमुना कुठे जमा केला ते लिहिलेलं नसतं, नाहीतर शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्याशी तुलनाच झालेली नसते. दरवर्षी तीच कारणं ऐकायला मिळतात, म्हणून हा लेख.

रोव्ह बीटल म्हणजे स्टॅफिलिनिडी कुळ. यात 60,000 हून जास्त जातींची नोंद झाली आहे. पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली येणारा, अंगावर चिरडला की कातडीवर फोड उठवणारा, गावाकडे ज्याला "किडा मुतला" म्हणतात तो पीडेरस याच कुळातला. इतक्या मोठ्या कुळात नवी जात सापडणं फारसं अवघड नाही. ती नवी आहे हे दाखवणं अवघड.

पात्रता

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचे नियम आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. तिची सध्याची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे. ही संहिता पदवी विचारत नाही. शाळेतल्या बाई किंवा बँकेतले कारकून, कोणीही जातीचं वर्णन करू शकतं.

भारतीय कायदा मात्र नागरिकत्व आणि वास्तव्य विचारतो. जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 3 प्रमाणे परदेशी नागरिकाला आणि अनिवासी भारतीयालाही संशोधनासाठी इथले जीव गोळा करायचे असतील, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या आणि कीटकांचं वेड असलेल्या भाच्याला आंबोलीला नेऊन "तू पण गोळा कर" म्हणू नका. त्याने काढलेले फोटो चालतील, त्याने भरलेल्या बाटल्या नाही.

वनविभागाची परवानगी

सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठी जायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 28 खाली परवाना लागतो. अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. महाराष्ट्रात ते कार्यालय नागपूरला आहे. अर्जात "कीटकांचा अभ्यास" एवढंच लिहिलं की उत्तरात अभ्यासाचीच परवानगी येते, संकलनाची नाही. हा फरक हातात पत्र असूनही लोकांच्या लक्षात येत नाही. "नमुने गोळा करणे, मारून जतन करणे आणि शासकीय संग्रहात जमा करणे" असं स्पष्ट लिहा.

जातीचं नाव आणि नमुन्यांची संख्या विचारली तर गंमत होते. ज्या जातीला अजून नावच नाही तिचं नाव लिहायचं कसं? "कुळ स्टॅफिलिनिडी, पालापाचोळ्यातले भुंगेरे" असं लिहा, सोबत पकडण्याची पद्धत आणि कमाल संख्या द्या. टेबलापलीकडच्या माणसाला भुंगेरा आणि झुरळ यांतला फरक माहीत असेलच असं नाही, म्हणून एक फोटो जोडा. पाच मिनिटांचं काम, पण फाइल पुढे सरकते. अर्ज हिवाळ्यातच करा. जूनमध्ये अर्ज करून जुलैत जंगलात जाऊ म्हणणाऱ्यांचा पावसाळा हमखास वाया जातो.

परवाना ज्या दिवशी संपतो, त्यानंतरची तारीख एकाही लेबलवर नको. "दोनच दिवस उशीर झाला" हे परीक्षकाला चालत नाही आणि वनविभागाला तर नाहीच. नमुना खासगी जमिनीवरचा असेल तर मालकाची लेखी संमती घेऊन ठेवा. तोंडी "घेऊन जा की" हे निबंधाला जोडता येत नाही.

कुणाकडेच नसलेला कागद

आपली जात वेगळी आहे हे दाखवायला जवळच्या जुन्या जातींचे मूळ नमुने, म्हणजे टाइप, बघावे लागतात. आणि ते भारतात फारसे नाहीत. माल्कम कॅमेरॉन यांनी 1930 ते 1939 या काळात 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेत या कुळाचे खंड लिहिले. त्यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. याच कुळाचे दुसरे जुने अभ्यासक बर्नहाउअर यांचा शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये, फोवेल यांचा ब्रसेल्समध्ये. क्रात्झ यांनी 1859 मध्ये भारत-श्रीलंकेतल्या जातींवर लिहिलं. त्यांचे नमुने जर्मनीत आहेत.

म्हणून घाबरून जायचं कारण नाही. त्या संग्रहपालाला नेमक्या जातीचं नाव, वर्णनाचं वर्ष आणि हवे असलेले अवयव लिहून नम्रपणे ईमेल करा. बरेचदा फोटो मिळतात. "तुमच्याकडचे भारतातले सगळे भुंगेरे दाखवा" अशा ईमेलला उत्तर येत नाही. नुसतं कॅमेरॉनचं वर्णन वाचून "आमचा वेगळा आहे" म्हणणारे निबंध मात्र परत येतात, आणि यायलाच हवेत. जुनी वर्णनं रंग आणि ठिपक्यांवर भर देतात, तर आज जाती ओळखतात त्या नराच्या जननेंद्रियाच्या रचनेवरून.

यातूनच पुढची अडचण येते. बाटलीत एकच मादी असेल तर थांबा. अनेक गटांत नुसत्या मादीवरून जात ठरत नाही. त्याच जागी पुन्हा जाऊन नर मिळवा.

आपला नमुना परदेशातल्या तज्ज्ञाकडे पाठवायचा मोह होतो. प्राधिकरणाची परवानगी घेतल्याशिवाय पाकीट टपालात टाकू नका, "मेलेला कीटकच तर आहे" असं वाटलं तरी. फोटो पाठवा.

नमुना जमा करणे

संहितेनुसार 1999 नंतरच्या प्रत्येक नव्या जातीसाठी होलोटाइप, म्हणजे नावाचा आधार असलेला एकच नमुना (किंवा सिंटाइप, म्हणजे असे अनेक नमुने), स्पष्ट नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाईल हे लिहावं लागतं. आपला कायदा आणखी पुढे जातो. जैवविविधता कायद्याच्या कलम 39 प्रमाणे नव्या जातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवून नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी अशा संस्थांपैकी एक म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. मुख्यालय कोलकात्यात, पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला. "कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवला आहे" हे वाक्य निबंधात दिसलं की समजावं, परत येणार. नोंदणी क्रमांक आज मागितला आणि उद्या मिळाला असं होत नाही, त्यामुळे निबंध पाठवायच्या बऱ्याच आधी पत्रव्यवहार सुरू करा.

लेबलवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पद्धत आणि गोळा करणाऱ्याचं नाव हवं. नीट जपलेला नमुना कितीही वर्षं थांबतो. डार्विनने 1832 मध्ये अर्जेंटिनात पकडलेल्या एका रोव्ह बीटलला 2014 मध्ये 'डार्विनिलस सेडारिसी' हे नाव मिळालं. तेव्हा घाई नमुन्याला नसते, आपल्याला असते.

झूबँक आणि नाव

झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नाव नोंदवलं की ते आपल्यासाठी राखून ठेवलं जातं, हा गैरसमज फार पसरला आहे. तसं काही होत नाही. मान मिळतो तो नियमानुसार आधी प्रकाशित झालेल्या नावाला. निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर 2012 पासून नोंदणी आवश्यकच आहे. नोंदणी झाल्याचा पुरावा आणि प्रकाशनाची तारीख निबंधातच छापलेली हवी. झूबँकच्या नोंदीत नियतकालिकाचा आयएसएसएन (ओळख क्रमांक) आणि निबंध कायमचा जपणाऱ्या संस्थेचं नाव लागतं. ही शेवटची चौकट रिकामी बघून जीव हळहळतो. तेवढ्यावरून नाव ग्राह्य धरलं जात नाही. संपादक भरेल म्हणून सोडू नका, स्वतः उघडून तपासा.

नाव माणसावरून असेल तर पुरुषासाठी शेवटी रोमन 'आय', बाईसाठी 'ए-ई'. विशेषण असेल तर त्याचं लिंग प्रजातीच्या (म्हणजे जीनसच्या) नावाशी जुळवा. स्वतःचं नाव ठेवायला संहितेत बंदी नाही, पण लोक हसतात.

आणि पत्रकार परिषद निबंध निघेपर्यंत घेऊ नका. वर्तमानपत्रात किंवा परिषदेच्या सारांशपुस्तिकेत आधी छापलेलं नाव ग्राह्य ठरत नाही. उलट कच्चं नाव गावभर होतं आणि पुढे निबंधात बदललं तर गोंधळ उरतो.

निबंध निघाला की त्याची एक प्रत नमुना ठेवलेल्या संस्थेला आणि एक वनविभागाला पाठवा. परवान्याच्या पत्रात शेवटी बारीक अक्षरांत "अहवाल सादर करावा" अशी अट असली, तर तो अहवाल न दिल्याचं पुढच्या वर्षीचा अर्ज अडकल्यावरच कळतं.