के की एल? मध्यम चणीच्या रिव्हॉल्व्हरचा जुना घोळ

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणाला डोंगर-जंगलात हिंडायची चटक लागली आणि कमरेला एखादं रिव्हॉल्व्हर असावं असं त्याच्या मनात आलं, की चार दिवसांत त्याला एक सल्ला हमखास मिळतो: "के फ्रेमच्या नादी लागू नकोस, तिला मॅग्नम झेपत नाही. डोळे मिटून ६८६ घे." फ्रेम म्हणजे रिव्हॉल्व्हरची मुख्य चौकट; स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीत ती वाढत्या मापानं के, एल, एन अशी ओळखली जाते. मॅग्नम म्हणजे जास्त जोराचं काडतूस. सल्ला देणाऱ्यानं के फ्रेम बहुधा हातातही धरलेली नसते. त्याला दुसऱ्यानं सांगितलेलं असतं, दुसऱ्याला तिसऱ्यानं. त्यातलं अर्धं खरं आहे, पण ते अर्धं जंगलात चालणाऱ्याला लागूच पडत नाही.

६८६ बद्दल फार सांगत बसत नाही. स्मिथ अँड वेसनची एल फ्रेम, ३५७ मॅग्नम, स्टेनलेस, नळीखाली तोंडापर्यंत गेलेला जाडजूड पट्टा. जवळपास प्रत्येक शूटिंग रेंजवर भाड्यानं मिळतं आणि बहुतेकांनी पहिलं मॅग्नम काडतूस त्यातूनच उडवलेलं असतं. मजबूत आहे, नेम चांगला आहे, वाद नाही. रुगरचं १९८५ पासूनचं जीपी-१०० हे त्याच वजनगटातलं. ते आवडत असेल तर पुढे जिथे एल म्हटलंय तिथे तेही धरा.

के फ्रेम त्याहून बरीच जुनी, १८९९ ची. ती जन्मली ३८ स्पेशल या सौम्य काडतुसासाठी आणि पुढे कित्येक दशकं अमेरिकी पोलिसांच्या कमरेला हीच होती. ३५७ मॅग्नम आलं १९३५ मध्ये, तेही धिप्पाड एन फ्रेममध्ये. दिवसभर वागवायला ते धूड नकोसं व्हायचं. तेव्हा बॉर्डर पेट्रोलमधले बिल जॉर्डन यांनी मॅग्नम के फ्रेममध्ये बसवायचा आग्रह धरला आणि १९५५ मध्ये कॉम्बॅट मॅग्नम निघालं, तेच नंतरचं मॉडेल १९. त्याचा स्टेनलेस भाऊ म्हणजे मॉडेल ६६. जॉर्डन यांचा हिशेब सरळ होता: सराव ३८ नं करायचा, मॅग्नम कामगिरीवर भरायचं. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ तो मोडल्यामुळे झाला.

आधी वजनाचा भ्रम काढून टाकू. "एल जड, के हलकी" असं सगळे म्हणतात. सव्वाचार इंची नळीचं आजचं ६६ भरतं साधारण १,०४५ ग्रॅम आणि चार इंची ६८६ साधारण १,१२५ ग्रॅम. फरक ८० ग्रॅमचा. पाठीवर बारा किलोची सॅक घेऊन चढणाऱ्यानं ८० ग्रॅमसाठी रिव्हॉल्व्हर निवडू नये, सॅकमधला दुसरा पॉवर बँक काढून ठेवावा. जाणवतो तो फरक वजन कुठे आहे याचा. ६८६ चं वजन पुढे, नळीकडे. त्यामुळे झटका कमी बसतो, पण होल्स्टरमध्ये ते पुढे ओढतं. के चा सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, तोही अडीच-तीन मिलिमीटरनं बारीक, त्यामुळे ती अंगालगत बसते. मूठ मात्र दोन्हींची एकच. एकीची लाकडी मूठ दुसरीवर चढते.

आता खरा मुद्दा.

सिलिंडरमधून सुटलेली गोळी जिथे नळीत शिरते त्या नळीच्या मागच्या तोंडाला फोर्सिंग कोन म्हणतात. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये कागदभर फट असते आणि प्रत्येक बाराला जळती दारू आणि तप्त वायू त्या तोंडावर आदळतात. के फ्रेमची चौकट बेतलेली ३८ च्या मानानं, म्हणून आत जागा कमी. सिलिंडर बंद होताना त्याच्या पुढची कडी आणि योक, म्हणजे ज्या बिजागरीवर सिलिंडर बाहेर येतो तो भाग, नळीच्या तोंडाखाली मावायला हवेत. ती जागा करण्यासाठी जुन्या के फ्रेममध्ये नळीच्या तोंडाची खालची बाजू, घड्याळात सहा वाजतात तिथे, तासून सपाट केलेली असायची. बाकी सगळीकडे पोलाद जाड आणि नेमकं तिथे पातळ. तडा गेला तर तो तिथेच जायचा.

पण तडा कशानं जायचा? सल्ला देणारे इथेच गप्प होतात, कारण त्यांनी विचारलेलंच नसतं. सगळ्या मॅग्नम काडतुसांनी नाही. मूळ मॅग्नमची गोळी १५८ ग्रेनची, म्हणजे सुमारे १० ग्रॅमची. चार इंची नळीतून ती सेकंदाला साधारण ३७५ मीटरनं सुटते. नंतर पोलिसांसाठी १२५ ग्रेनची, ८ ग्रॅमची हलकी आणि तिखट काडतुसं लोकप्रिय झाली. त्यांचा वेग सेकंदाला ४४० मीटरच्या घरात. हलकी गोळी आखूडही असते. तिचं बूड लवकर बाहेर पडतं, मागे दारू जास्त आणि ती अजून जळतेय, त्यामुळे ज्योत वेल्डिंगच्या टॉर्चसारखी नळीच्या तोंडावर बसते. लांब, जड गोळी तेच तोंड जरा जास्त वेळ बुजवून ठेवते. त्यातच सत्तरच्या दशकात पोलीस खात्यांनी ठरवलं की जे काडतूस कामावर भरायचं त्यानंच सराव करायचा. जॉर्डन यांचा हिशेब मोडला. ज्या के फ्रेमनं जन्मभरात थोडं मॅग्नम चाखायचं, तिला हजारोंनी तिखट काडतुसं खावी लागली आणि तोंडं तडकू लागली. १९८० च्या सुमाराला स्मिथ अँड वेसननं ५८६ आणि ६८६ काढली ती याच कारणानं. मूठ के चीच ठेवली, चौकट थोडी उंच केली, सिलिंडर जाड केला आणि नळीचं तोंड पूर्ण गोल ठेवलं. एल फ्रेम म्हणजे एवढंच.

आता जंगलात काय लागतं ते बघा. अंगावर येणाऱ्या जनावराची कातडी, चरबी, स्नायू, हाडं भेदून आत जाणारी गोळी लागते. १२५ ग्रेनची पोकळ नाकाची गोळी माणसासाठी बनवलेली असते. ती लवकर उमलते आणि लवकर थांबते. तिथे हवी १५८ ते १८० ग्रेनची, कडक शिशाची, सपाट नाकाची जड गोळी. म्हणजे ज्या काडतुसानं के ला बदनाम केलं, ते जंगलात तुम्हाला नकोच आहे. वर्षाकाठी थोडं जड मॅग्नम, बाकी सराव ३८ नं, असं चालवलं तर धड असलेलं जुनं मॉडेल १९ तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेल. "के ला मॅग्नम झेपत नाही" म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: कितव्या ग्रेनचं?

उलट दर शनिवारी रेंजवर जाऊन शंभर मॅग्नम उडवायची हौस असेल, तर एल घ्या आणि वाद संपवा. ६८६ प्लसमध्ये सातवी गोळीही मिळते. पण ती रेंजची गरज झाली. तिला जंगलाची गरज म्हणून विकू नका.

आणि हा सगळा वाद जुन्या के फ्रेमपुरताच आहे, हे तर कुणीच सांगत नाही. मॉडेल १९ चं उत्पादन १९९९ मध्ये थांबलं, त्यानंतर काही वर्षांनी ६६ चंही. २०१४ मध्ये ६६ परत आलं ते नव्या बांधणीचं: नळी दोन भागांची आणि तिच्या मागच्या तोंडावर तासलेला सपाट भाग नाही. आज दुकानात नवंकोरं ६६ बघणाऱ्याला १९७५ च्या हत्याराचा दोष सांगणारे भेटले की माझं डोकं फिरतं.

जुनं घेत असाल तर दुकानदाराला विचारून, रिकामं असल्याची खात्री करून सिलिंडर उघडा. योकच्या मागे चौकटीवर मॉडेल नंबर ठोकलेला दिसेल: १९-३, ६६-२ असा. मग छोटा टॉर्च लावून नळीचं मागचं तोंड खालून बघा. सपाट कापलेला भाग दिसणारच, त्याला घाबरू नका. त्या सपाटीवर केसासारखी उभी रेघ आहे का ते बघायचं. काजळी बसलेली असेल तर आधी पुसायला सांगा; तडा काजळीखाली छान लपतो. पुसायला नकार देणाऱ्याला नमस्कार करून निघा. ६८६ सुद्धा यातून सुटत नाही. अगदी सुरुवातीची, नंबरापुढे काही नसलेली किंवा -१ असलेली नगं कंपनीनं १९८७ मध्ये दुरुस्तीसाठी परत मागवली होती, कारण काही काडतुसांचा प्रायमर (बुडातली दारू पेटवणारी टोपी) मागे फुगून सिलिंडर अडकत असे. दुरुस्त झालेल्यावर मॉडेल नंबरापाशी इंग्रजी एम ठोकलेला असतो. तो शोधा.

किरकोळ फरक झटपट. होल्स्टर: चार इंची एल साठी शिवलेल्या चामडी होल्स्टरमध्ये के बहुधा बसते, उलट मात्र खात्री नाही. स्पीडलोडर (सगळी काडतुसं एकदम भरायचं साधन): मूठ एकच म्हणून हेही एकच असेल असं धरून लोक फसतात, सिलिंडरचा व्यास वेगळा, म्हणून लोडरही वेगळा. निळं पोलाद की स्टेनलेस? पाऊस, घाम आणि बर्फात हिंडणार असाल तर स्टेनलेस. निळं दिसतं देखणं, भिंतीवर ठेवा. नळी चार इंच किंवा सव्वाचार, दुसरा विचार नको. दोन इंची नळीत मॅग्नमची अर्धी दारू डोळ्यांपुढे भडका होऊन जाते आणि कानांचं वाटोळं होतं ते वेगळंच. वजन वाचवायला मॅग्नम टायटेनियम-स्कँडियमच्या पिटुकल्या रिव्हॉल्व्हरमधून मारणाऱ्यांना मी हात जोडतो; दुसरी गोळी मारायची त्यांची इच्छाच उरत नाही.

फ्रेमवर महिनाभर खल करणारे एका गोष्टीचा विचारच करत नाहीत: सॅकचा कमरपट्टा. सॅक चढवली की तो नेमका होल्स्टरच्या जागी येतो. मग रिव्हॉल्व्हर सॅकच्या वरच्या कप्प्यात जातं, म्हणजे घरी ठेवल्यासारखंच. छातीवरचं होल्स्टर घ्या. तिथे के ची बारीक चण आणि मागे राहणारं वजन खरंच उपयोगी पडतं, कारण पुढून जड असलेलं हत्यार उतारावर छातीवर झुलत राहतं.

ग्रिझ्ली अस्वलांच्या मुलखात, म्हणजे मोंटाना, वायोमिंग, अलास्काकडे, माझ्या मते आधी बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा), मग रिव्हॉल्व्हर. स्प्रे नऊ-दहा मीटरवर भिंत उभी करतो आणि थरथरत्या हातानंही वापरता येतो. मात्र योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात स्प्रे न्यायला बंदी आहे आणि विमानात तर चेक-इन सामानातही चालत नाही.

कायद्याचं दुर्लक्षून चालणार नाही, विशेषतः आपल्या लोकांना. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर शस्त्र आणि काडतुसं बाळगणं हाच मुळात संघीय गुन्हा आहे. वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, आणि ते मित्राच्या भरवशावर नव्हे, वकिलाला विचारून समजून घ्या. रेंजवर भाड्यानं घेतलेलं हत्यारही या गुन्ह्यात येतं. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. राष्ट्रीय उद्यानांत २०१० च्या फेब्रुवारीपासून त्या-त्या राज्याचा कायदा चालतो, म्हणून शस्त्र बाळगता येतं. पण व्हिजिटर सेंटरसारख्या सरकारी इमारतीत नेता येत नाही. उघड्या होल्स्टरवर जॅकेट चढवलं की ते लपवलेलं शस्त्र ठरतं आणि काही राज्यांत त्याला वेगळा परवाना लागतो. यातलं काहीही सुट्टीत घरी आल्यावर भीमाशंकर-कोयनेकडे आठवू नका. अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, १९७२ च्या कायद्यानं.

तर पायी भटकंतीला मी सांगेन: नव्या बांधणीचं ६६, सव्वाचार इंची, नेम धरायची मागची माशी काळी आणि पुढची ठळक रंगाची. सराव ३८ स्पेशलनं, जंगलात १५८ ग्रेनचं जड मॅग्नम. ३८ ची पुंगळी मॅग्नमपेक्षा साडेतीन मिलिमीटरनं आखूड असते, म्हणून ती वापरून झाल्यावर सिलिंडरच्या भोकांत पुढे काजळीचं कडं जमतं आणि मॅग्नम काडतूस पूर्ण आत बसत नाही. काडतूस किंचित वर राहिलं तरी सिलिंडर फिरायचा थांबतो. म्हणून निघायच्या आदल्या रात्री सहाही भोकांतून पितळी ब्रश फिरवा आणि जे काडतूस नेणार आहात तेच एकेक घालून, अंगठ्यानं न दाबता आपसूक बसतं का ते बघून घ्या.