उत्तरेची खिडकी आणि जवसाचं तेल

अमुक खिडकीपाशीच ईझल (कॅनव्हास ठेवायची घोडी) हवं, अंधारून आलं की ब्रश खाली, एक चित्र अर्धवट टाकून दुसऱ्याला हात. चित्रकारांच्या अशा सवयींना लहरीपणा म्हणून आपण मोकळे होतो. यातल्या बऱ्याचशा सवयी प्रकाशाने, डोळ्याने आणि तेलाने लावलेल्या आहेत.

उत्तर गोलार्धात स्टुडिओची मोठी खिडकी उत्तरेला ठेवतात, दक्षिण गोलार्धात दक्षिणेला. त्या बाजूने थेट ऊन फारसं येत नाही. आकाशातून विखुरलेला प्रकाश येतो आणि तासन्‌तास बराचसा तसाच राहतो. तो निळसर असतो. त्याचं रंगतापमान (आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर) 6,500 केल्विनच्या वर, कधी 10,000 पर्यंत जातं. पिवळ्या दिव्याचं साधारण 2,700 असतं. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या, त्यामुळे वेगवेगळ्या रंगद्रव्यांची दोन मिश्रणं एका प्रकाशात हुबेहूब सारखी दिसतात आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळी. दिव्याखाली जुळवलेला गालाचा रंग सकाळी हिरवट वाटतो तो यामुळेच.

संध्याकाळी अडचण आणखी वाढते. प्रकाश मंदावला की लाल रंग काळवंडतात, निळे उजळ भासतात; चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्येने 19व्या शतकात हे नोंदवलं. तेव्हा अंधारताना काम थांबवणं हा शहाणपणाच आहे.

तेलाचा विषय मला सर्वांत विलक्षण वाटतो. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन शोषतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंफून घट्ट जाळं होतं. गंमत म्हणजे वाळायला लागल्यावर रंगाचं वजन आधी चक्क वाढतं. अंबरसारख्या मातकट रंगात मँगनीज असतं, ते ही प्रक्रिया वेगाने घडवतं. काही काळे रंग मात्र कितीतरी दिवस ओले राहतात. खालचा थर तेलकट आणि वरचा कमी तेलाचा असला, तर वरचा आधी कडक होतो आणि पुढे तडकतो. म्हणून आधी कमी तेलाचा थर, नंतर तेलकट असा क्रम, आणि मधल्या दिवसांत दुसरे कॅनव्हास.

ओला रंग धूळ धरून ठेवतो. त्यामुळे काम सुरू करण्याच्या तोंडावर झाडू मारणं टाळलेलं बरं. विसाव्या शतकातला चित्रकार फ्रान्सिस बेकन याला मोठा अपवाद. 1961 पासून वापरात असलेली त्याची लंडनमधली खोली धुळीने, फोटोंनी, फाटक्या कागदांनी भरलेली असायची, आणि धूळच त्याने रंगात वापरली. त्याच्या मृत्यूनंतर तिथल्या 7,000 हून अधिक वस्तू नोंदवून ती खोली डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीत पुन्हा उभी केली गेली.

जवसाचं हेच तेल अंधारात पिवळं पडतं. सतराव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार रूबेन्स, त्याला हे पक्कं ठाऊक होतं. पेटीत बंद राहून पिवळट झालेलं चित्र उन्हात ठेवा, असं त्याने पत्रातून कळवलं होतं.

एक गोष्ट मात्र प्रत्येक हौशी चित्रकाराला सांगायलाच हवी. ऑक्सिजन शोषताना तेल उष्णता सोडतं. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि काही तासांत तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका, नाहीतर बाहेर एकेक मोकळी पसरून वाळवा.